तक्रार कुणी केली?

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी सकाळी साडेआठपर्यंत ऊन ओट्यावर यायचं. आता खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या भिंतीला लागतो. मधली पट्टी दोन्ही घरांच्या नक्श्यांत मोकळी दाखवलेली होती. इंदूरमध्ये सगळे तिला नुसतं 'एमओएस' म्हणतात. प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायची ही जागा काही कुणाची मेहेरबानी नसते. घरात हवा तिथून येते, ड्रेनेजचं चेंबर तिथेच असतं, आणि उद्या आग लागली तर पाण्याचा पाइप तिथूनच आत ओढावा लागतो. शेजाऱ्यांनी ती पट्टी भरून टाकली आणि वर दोन खोल्या चढवल्या.

मी तक्रार केली. नाव, पत्ता, फोटो, सगळं जोडून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे भाऊ दारात उभे. हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये माझ्या अर्जाचा फोटो.

"वहिनी, एकदा आमच्याशी बोलायचं होतं ना. बावीस वर्षांचा शेजार आहे आपला."

आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. अर्ज त्यांच्या हाती कसा लागला हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही. आम्ही पाठवलेलं ताट मुलीनं तसंच झाकलेलं परत आणलं. काही महिन्यांनी तक्रारीवर शेरा पडला, 'मौक्यावर पाहणी केली, काम बंद आढळले.' काम बंद होतं हे खरं आहे. ते पुरं झालेलं होतं.

हे मी खिडकीच्या दुःखासाठी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक कॉलनीतून हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे. कुणाच्या बाजूच्या बंगल्यात रातोरात मुलींचं हॉस्टेल सुरू झालं, कुणासमोर पार्किंगच्या मजल्यावर शटरं लागून दुकानं निघाली, कुठे बगीच्याच्या राखीव जागेत आधी ओटा झाला, मग शेड, मग भिंत. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, तक्रार कुणी केली? बांधकाम नियमात आहे का, नक्शा पास आहे का, हे त्यानंतर विचारतात किंवा विचारतच नाहीत. माझं म्हणणं असं आहे की या पहिल्या प्रश्नानेच आपलं नुकसान केलं आहे. सगळ्या शहराचा कायदा आपण दोन घरांमधलं भांडण करून टाकला. एकदा ते भांडण ठरलं की सज्जन माणूस गप्प बसतो, कारण सज्जन माणसाला भांडण नको असतं.

आपल्याच शहरात याच्या अगदी उलट घडलेलंही आपण पाहिलं आहे. 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला नंबर आला, आणि मग वर्षानुवर्षं तो हललाच नाही. त्याआधी गल्लीत कचरा टाकणाऱ्याला टोकणं म्हणजे वैर घेणं होतं. मल्हारगंजात आमच्या माहेरी वरच्या मजल्यावरून सालं खाली पडायची, आणि आई म्हणायची, जाऊ दे, कुणाच्या तोंडी लागायचं. आज तीच माणसं रिकामी बाटली हातात धरून डबा शोधतात. कोपऱ्यावर ढीग दिसला तर कुणीतरी फोटो काढून 311 ॲपवर टाकतं, तो उचलला जातो, आणि तक्रार कुणी केली हे कुणीही विचारत नाही. लोक अचानक सुसंस्कृत झाले असं मला वाटत नाही. सकाळी गाडी वेळेवर यायला लागली, दंड सगळ्यांना सारखा झाला, तक्रार केल्यावर काहीतरी घडतं हे दिसायला लागलं. तक्रारीला उत्तर मिळू लागलं म्हणून तिच्यातलं वैर गेलं. बांधकामाच्या तक्रारीला उत्तर मिळत नाही, म्हणून तिच्यात वैरच तेवढं शिल्लक राहतं.

त्या उत्तर न मिळण्याची किंमत काय असते, ते या शहराने 30 मार्च 2023 ला पाहिलं. रामनवमीचा दिवस, स्नेहनगरजवळचं बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिर, हवन चाललेलं. ज्या फरशीवर माणसं बसली होती तिच्या खाली जुनी बावडी होती. बावडीवर स्लॅब टाकून ती झाकून टाकलेली. स्लॅब खचला आणि 36 माणसं गेली. बागेच्या जागेतल्या बांधकामाबद्दल तिथल्या रहिवाशांनी आधीच लेखी तक्रारी केल्या होत्या. नोटीस निघाली होती, ट्रस्टचं उत्तर आलं होतं, धार्मिक भावनांचा विषय पुढे आला होता, आणि फाइल तिथेच थांबली. अपघातानंतर पाचव्या दिवशी, 3 एप्रिलला, मशीनं आली, बांधकाम पाडलं, बावडी बुजवली. म्हणजे यंत्रणेकडे मशीनं होती, माणसं होती, अधिकारही होते. तक्रारीच्या कागदाला तेवढं वजन दिलं गेलं नव्हतं. त्या रहिवाशांना तेव्हा लोकांनी काय काय म्हटलं असेल याचा मी अनेकदा विचार करते. देवाच्या कामात आडवे येतात, असंच म्हटलं असणार.

दिल्लीचं उदाहरणही आठवतं, कारण आपल्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन अभ्यास करणारी हजारो मुलं त्याच परिस्थितीत राहतात. जुलै 2024 मध्ये तिथल्या राजेंद्रनगरमधल्या एका कोचिंगच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं बुडाली. तळघराला परवानगी होती सामान ठेवण्यासाठी आणि पार्किंगसाठी, चालत होती तिथे लायब्ररी. जवळपास महिनाभर आधी एका विद्यार्थ्यानेच हे सरकारी पोर्टलवर लिहून कळवलं होतं, आणि मागाहून स्मरणपत्रंही दिली होती. भूखंडाचा वापर बदलणं हा प्रकार कागदावर किती किरकोळ वाटतो! घराच्या जागी हॉस्टेल, पार्किंगच्या जागी दुकान, भांडारघराच्या जागी वाचनालय. भिंत एक इंचही सरकलेली नसते, त्यामुळे 'यात काय बिघडलं' हे विचारणंही सोपं असतं.

आणि 2025 च्या डिसेंबरअखेर आपल्या इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात जे झालं त्याबद्दल लिहिताना अजूनही हात थांबतो. नळाचं पाणी घाण येतंय, वास येतोय, असं लोक सांगत होते. मुख्य जलवाहिनीच्या वरच शौचालय बांधलेलं निघालं. माणसं गेली. स्वच्छतेचा मान मिळवलेल्या गावात.

या तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी बोललं होतं. म्हणून 'नागरिक जागरूक नाहीत' हे निदान मला मान्य नाही. नागरिक बोलतो, पण उशिरा बोलतो, एकटा बोलतो, आणि बोलल्यावर उघडा पडतो. या तीनपैकी उशीर हा आपला दोष आहे, आणि त्यात मीही आहे. शेजारच्या पायाचे खड्डे खणले जात होते तेव्हा फक्कीची रेघ आमच्या कुंपणाला चिकटून मारलेली मी गॅलरीतून पाहिली होती. वाटलं, नसेल, मिस्त्रीनं खुणेसाठी मारली असेल. मग सळया उभ्या राहिल्या, तेव्हा वाटलं, आता काय बोलणार, खर्च झाला त्यांचा. तक्रार केली ती स्लॅब पडल्यावर. पायाच्या वेळी रेघ पुसून दोन हात मागे मारता आली असती, एका दिवसाचं काम. स्लॅबनंतर तीच गोष्ट तोडफोड होते, लाखांची होते, इज्जतीची होते. शेजाऱ्याचा संतापही मग खरा असतो, कारण त्याचं खरोखर नुकसान होणार असतं. लवकर बोलणं हे शेजाऱ्यावर उपकार करणं आहे, ही गोष्ट मला भाऊंच्या चेहऱ्याकडे बघताना कळली, आणि तेव्हा उपयोग नव्हता.

पण लवकर बोलायचं तर आधी कळायला हवं की नक्श्यात काय आहे. आणि नक्शा शेजाऱ्याला दिसत नाही. माहितीच्या अधिकारात मागायला जा, तर कलम 11 दाखवतात. तिसऱ्या पक्षाची माहिती आहे, त्यांना विचारावं लागेल. ज्याने नियम मोडला असण्याचा संशय आहे त्याचीच परवानगी घ्यायची. नोएडातल्या त्या दोन गगनचुंबी इमारतींच्या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. रहिवाशांनी मंजूर नकाशे मागितले, प्राधिकरणाने बिल्डरला विचारलं, बिल्डर नको म्हणाला, आणि प्राधिकरणाने दिले नाहीत. सुपरटेकच्या त्या इमारती पाडाव्यात असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2021 ला ते कायम केलं, आणि 28 ऑगस्ट 2022 ला त्या काही सेकंदांत खाली आल्या. टीव्हीवर सगळ्या देशाने धुळीचा लोट पाहिला. नकाशा पहिल्यांदा मागितला त्याच दिवशी तो दाखवला असता, तर एवढी धूळ उडालीच नसती.

मेरठच्या एका प्रकरणात 17 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. त्यातला एक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नक्श्याची प्रत जागेवर लावलेली असली पाहिजे, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी येऊन पाहणी केली पाहिजे आणि तिची नोंद ठेवली पाहिजे. पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाणी जोडायचं नाही, बँकांनीही तो पाहूनच कर्ज द्यायचं, हेही त्यात आहे. पण नक्श्याची प्रत बाहेर लावणं हा साधा उपाय सगळ्यांत खोलवर जाणारा आहे. तो लावला की शेजाऱ्याला चहाडी करावी लागत नाही. येणारा-जाणारा वाचतो. मिस्त्रीलाही माहीत असतं की लोक वाचताहेत. आमच्या भागात हल्ली किती साइट सुरू आहेत! सकाळी फिरायला जाते तेव्हा मुद्दाम पाहते. सिमेंटच्या कंपनीचा बोर्ड असतो, आर्किटेक्टचा असतो, नजर लागू नये म्हणून काळी बाहुली असते. नक्शा अजून एकाही ठिकाणी दिसलेला नाही.

मग कंपाउंडिंग. हा शब्द इंदूरमध्ये लहान मुलालाही माहीत असेल. जास्तीचं बांधकाम झालं तर ठरलेलं शुल्क भरून ते नियमित करून घ्यायचं, ही तरतूद मध्य प्रदेशच्या 1956 च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम 308-अ मध्ये आहे. तिचा मूळ हेतू मला कळतो. गवंड्याच्या हातून चार इंच इकडे-तिकडे झाले म्हणून कुणाचं घर पाडू नये. पण 2021 साली ही मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेली गेली, तेव्हा चूक आणि बेत यांतला फरकच पुसला. तीस टक्के ही गवंड्याची चूक नसते. तेव्हापासून घर बांधणारे आधीच हिशेब करतात की इतकं शुल्क लागेल, इतकी जागा वाढेल, भाडं इतकं येईल. यात शुल्क मालक भरतो, पैसा तिजोरीत जातो. उजेड मात्र शेजाऱ्याचा गेलेला असतो, आणि तो ज्याचा गेला त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. माझ्या ओट्यावरच्या उन्हाची किंमत जर शासन घेणार असेल, तर निदान घेण्याआधी माझ्या दारावर टकटक करावी, एवढीच अपेक्षा आहे. नियमित करण्याच्या प्रत्येक अर्जाची सूचना लगतच्या घरांना गेली पाहिजे आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय होता कामा नये.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी हलक्याने घेत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा म्हणतो, "मावशी, तू तक्रार करशील, उद्या बुलडोझर येईल, आणि तो कुणाच्या घरावर जाईल हे तुझ्या हातात नाही." त्याची भीती खरी आहे. आपल्या राज्यात 'रिमूव्हल गँग' निघाली की सकाळी नोटीस आणि दुपारी ढिगारा, हेही लोकांनी पाहिलं आहे. म्हणूनच 13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तक्रारदारानेही पाठ करून ठेवावा असं मी म्हणते. नोटीस रजिस्टर पोस्टाने जायला हवी आणि बांधकामावर चिकटवायला हवी, पंधरा दिवसांची मुदत हवी, म्हणणं ऐकून घ्यायला हवं, आदेशात कारणं हवीत, आणि आदेशानंतरही स्वतःहून काढून घ्यायला किंवा अपिलात जायला आणखी पंधरा दिवस हवेत. रस्ता, फुटपाथ, नदी-तलाव यांच्यावरची अतिक्रमणं यातून वगळली आहेत. काहींना वाटतं की यामुळे नियम मोडणाऱ्याचं फावलं. मला उलट वाटतं. कारवाई रीतसर होणार आहे, माझ्या एका अर्जामुळे कुणी एका रात्रीत उघड्यावर येणार नाही, ही खात्री असेल तरच माझ्यासारखी बाई निर्धास्तपणे अर्ज देईल. मला भाऊंचं घर पडायला नको होतं. मला मधली पट्टी हवी होती.

या आक्षेपाची दुसरी बाजू जास्त बोचते. तक्रारींवरची कारवाई बहुतेक वेळा जिथे सोपी तिथे होते. पोह्यांचा ठेला उचलायला दहा मिनिटं लागतात. त्याच ठेल्यामागच्या इमारतीने पार्किंग गिळलं असेल, तर त्या फाइलला दहा वर्षं लागतात. ठेलेवाल्यांसाठी तर 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. आधी सर्वेक्षण करा, दाखला द्या, जागा ठरवा, मग हलवा, असं त्यात सांगितलं आहे. मी स्वतः ठेल्याची तक्रार कधी करत नाही आणि कुणी सह्या मागायला आलं तर देत नाही. अवैध कॉलनीत नोटरीच्या कागदावर प्लॉट घेऊन आयुष्याची पुंजी घालणाऱ्या माणसालाही मी अपराधी मानत नाही. अपराध कॉलनी कापून विकणाऱ्याचा आहे. तक्रारीला आपला विवेक असायला हवा. कुणाचं पोट आहे आणि कुणाचा लोभ, हे पाहणं काही अवघड नसतं.

तक्रारीचा धंदा करणारेही आहेत. आधी अर्ज टाकायचा, मग बिल्डरकडे जाऊन मागे घेण्याचे पैसे मागायचे. अशी माणसं प्रत्येक झोनला तोंडपाठ असतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारदारालाही टेबलापलीकडून त्याच नजरेने बघतात. यावरचा उपाय तक्रारदाराचं नाव उघड करणं असा काही अधिकारी सांगतात. माझ्या मते हे उलटं औषध आहे. ब्लॅकमेलरला नाव उघड झालेलंच हवं असतं, त्याशिवाय त्याला पैसे कोण देणार? नाव गुप्त राहिलं आणि तक्रार मागे घेण्याची सोयच काढून टाकली, तर त्याचा धंदा त्याच दिवशी बसेल. बांधकाम नियमाबाहेर असेल तर ते मी तक्रार मागे घेतल्याने नियमात येत नाही. अर्ज आला, नोंद झाली, आता ती बाब शहराची. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड करायचा नाही, ही गोष्ट 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातही कलम 8 मध्ये मान्य केलेली आहे. बांधकामाच्या तक्रारीला तेच लागू करायला नवीन कायदा लागत नाही.

'मागे घ्या'वरून आठवलं. सीएम हेल्पलाइन 181 ही 2014 पासून चालू असलेली सोय चांगली आहे. वेळेत काम झालं नाही की तक्रार आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे चढते, एल-वनपासून एल-फोरपर्यंत. पण बंद होताना तक्रारदाराचं समाधान नोंदवायचं असतं, म्हणून फोन येतात. आधी विनंतीचे, मग आर्जवाचे. "मॅडम, बंद करवा द्या, आमच्यावर प्रेशर आहे." तो कर्मचारीही कुणाचा तरी मुलगा असतो, रडकुंडीला आलेला असतो, आणि मराठी बाईला नाही म्हणणं जड जातं. कचऱ्याच्या किंवा दिव्याच्या तक्रारीला ही रीत ठीक आहे. दिवा लागला, मी समाधानी. बांधकामाच्या तक्रारीत माझ्या समाधानाचा संबंध काय? तिथे मोजमाप हवं. नक्श्यात इतकं, जागेवर इतकं, फरक इतका, कारवाई अमुक, तारीख अमुक. चार ओळी, सही, आणि संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशा. इंदूरमध्ये 85 वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डाची अशी एक यादी दर महिन्याला लागली, तर तक्रार कुणी केली हे विचारण्यात कुणाला रसच राहणार नाही, कारण वाचायला त्याहून मोठी गोष्ट समोर असेल.

या शहराला ही रीत अगदीच नवी नाही. शंभरएक वर्षांपूर्वी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावलं होतं. प्लेगने शहर पोखरलेलं होतं. 1918 साली त्याने दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला, त्यात सरसकट पाडापाडीपेक्षा गल्लीगल्लीत जाऊन थोडं सोडवत, थोडं दुरुस्त करत जाण्यावर भर होता. पण त्याहून मला त्याने काढलेली दिवाळीची मिरवणूक आवडते. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या गल्ल्यांनी सर्वांत जास्त साफसफाई आणि घरांची डागडुजी केली असेल तिथून जाईल, असं त्याने जाहीर केलं. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर निघाला. कुणाविरुद्ध अर्ज नव्हता. सगळ्यांसमोर आपली गल्ली कशी दिसते याची काळजी होती. ज्यांनी नक्श्याप्रमाणे घर बांधलं, दाखला घेतला, पट्टी मोकळी ठेवली, त्यांचं आज आपण काय करतो? काहीच नाही. उलट शेजारचा दोन खोल्या जास्त बांधून भाडं खातो आणि हा प्रामाणिक माणूस घरात मूर्ख ठरतो. अशा घरांना मालमत्ता करात थोडीशी सूट दिली तरी आमच्या कॉलनीत दहा घरांचं बोलणं बदलेल.

यातलं शहराने कधी काय करायचं ते करो. आपल्या हातात आहे ते दोन गोष्टींपुरतं आहे, लवकर बोलणं आणि एकट्याने न बोलणं.

गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर फक्कीची रेघ पडली. या वेळी मी गॅलरीत थांबले नाही. समोरच्या कुलकर्णी वहिनींना घेतलं, घरातला टेप घेतला, आणि सरळ जागेवर गेलो. मालक तरुण आहेत, पुण्याला नोकरी करून परत आलेले. म्हटलं, "दादा, अभिनंदन. नक्शा दाखवाल का एकदा? आम्ही लागूनच राहतो." आधी जरा गोंधळले, मग गाडीतून आणला. सिमेंटच्या पोत्यांवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. पुढची जागा बरोबर होती. मागची दोन इंच जास्तच. बाजूला मात्र जिन्याची रेघ पट्टीत आलेली होती.

"काकू, तो लोखंडी जिना आहे, तो धरत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"ठेकेदार."

"नक्श्यात जिना आत दाखवलाय. ठेकेदाराला नक्शा दाखवलात का?"

ते हसले आणि आर्किटेक्टला विचारतो म्हणाले. मी त्यांना तिथेच सांगितलं की आठवडाभर वाट पाहू, आणि काही कळवलं नाहीत तर आम्ही लिहून देणार आहोत. तुमच्या पाठीमागे काही करणार नाही. राग मानू नका.

आठवडा होऊन गेला, निरोप आला नाही, आणि जिन्याचा खड्डा जिथे होता तिथेच आहे. अर्ज लिहून टेबलावर ठेवला आहे. त्यात कुणाचं नाव नाही. प्लॉट नंबर, मोजमापं, तारीख आणि टेप लावलेला फोटो आहे. खाली आतापर्यंत तीन सह्या झाल्या आहेत. चौथ्या घराचे मालक मुलाकडे उज्जैनला गेलेत, रविवारी येणार आहेत. सोमवारी सकाळी आम्ही चौघं जाऊ.